हंड्यांच्या रांगेतून शिकूया ‘क्यू’



‘कोडिंग’ हा शब्द आता आपल्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळांपर्यंत येऊन पोहोचलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी असं म्हटलं आहे. हे ऐकून पालक विचारतात, “सर, शाळेत एकच कॉम्प्युटर, तोही लाइट असली तर चालणार. मग आमची पोरं कोडिंग काय शिकणार?”

प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर यंत्रापासून सुरू होत नाही. प्रोग्रामिंग म्हणजे आधी क्रमाने विचार करणं आणि मग तो विचार यंत्राला समजेल अशा भाषेत लिहिणं. यातला पहिला अर्धा भाग शिकायला विजेची गरज नाही. आज आपण प्रोग्रामिंगमधली एक अगदी पायाभूत गोष्ट बघू. तिचं नाव ‘क्यू’, म्हणजे रांग. शहापूर-मुरबाडच्या मुलांना या रांगेचे नियम कोणत्याही पुस्तकाआधी पाठ झालेले असतात.

आधी ‘डेटा स्ट्रक्चर’ म्हणजे काय?

डेटा म्हणजे माहिती आणि स्ट्रक्चर म्हणजे रचना. माहिती कशी मांडून ठेवायची, कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची, याची ठरवलेली पद्धत म्हणजे डेटा स्ट्रक्चर. घरातच बघा ना. रोज लागणारं तिखट-मीठ हाताशी असतं आणि पापड-कुरडयांचा डबा माळ्यावर. वस्तू कशी वापरायची त्यावरून ती कुठे ठेवायची हे ठरतं. कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे.

तीन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवू.

१) शालेय पोषण आहाराच्या ताटल्या. धुतलेल्या ताटल्या एकावर एक रचल्या जातात. वाढताना आपण वरची उचलतो, म्हणजे जी शेवटी ठेवली ती पहिली निघते. या रचनेला ‘स्टॅक’ म्हणतात.

२) पाण्यासाठी लावलेले हंडे. जो हंडा पहिला लागला तो पहिला भरतो आणि पहिला निघतो. ही झाली ‘क्यू’. पहिला आला, पहिला गेला. इंग्रजीत या नियमाला चार अक्षरांचं छोटं नाव आहे, ‘फिफो’.

३) आठवडी बाजाराच्या दिवशीची एसटी. गाडी लागली की खिडकीतून रुमाल पडतात. ज्याचा हात लांब त्याला सीट. आधी कोण आलं होतं याला इथे किंमत नाही. म्हणून ही रांग नव्हे, ही झुंबड. मुलांना हे तिसरं उदाहरण जरूर द्या. रांग कशाला म्हणायचं नाही हे कळलं की रांग पक्की कळते.

आपल्या भागातलं अजून एक उदाहरण सांगतो, इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढतो आणि वर जुन्नरकडे निघतो. सातवाहनांच्या काळापासूनची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही व्यापारी वाट. वर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं मानतात. घाटाच्या शेवटच्या चढाला वाट एवढी चिंचोळी आहे की माल लादलेली जनावरं एकामागे एकच जाणार. पुढच्याला ओलांडता येत नाही. खालच्या तोंडाने जो आधी शिरला तोच वरच्या तोंडाने आधी बाहेर पडणार. दोन टोकं, एका टोकाने प्रवेश, दुसऱ्या टोकाने निर्गम. क्यूची आकृती फळ्यावर काढायची तर हीच काढा. आणि जाता जाता मुलांना हेही सांगा की त्याच घाटातल्या लेण्यात जो ब्राह्मी शिलालेख आहे, त्यात भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांपैकी काही सापडतात.

हंडा माणसाच्या जागी उभा राहतो

आता पाण्याकडे येऊ. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरण १८९२ सालचं. तरी एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या आणि मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. आपल्या वर्गातल्या मुलींना ही रांग कुणी शिकवावी लागत नाही.

काही ठिकाणी टँकर थेट विहिरीत रिकामा करतात. मग विहिरीच्या काठावर ज्याचा दोर आधी पोहोचला त्याचं पाणी. म्हातारी आजी आणि लहान पोर मागे राहतं. जिथे नळीने हंडे भरतात तिथे मात्र रांग लागते आणि रांगेत आठ वर्षांच्या मुलीचा हंडासुद्धा त्याच्या नंबरावरच भरतो. रांगेचा खरा अर्थ हा आहे. ताकद कमी असली तरी नंबर येणार, ही हमी.

या रांगेत एक हुशारी आहे. टँकर यायला दोन तास असतील तर बाया तिथे उभ्या राहत नाहीत. हंडा ठेवतात आणि कामाला जातात. हंडा त्यांच्या जागी उभा राहतो. हंड्यावरची खूण बघून सगळ्यांना कळतं हा कुणाचा. प्रोग्रामिंगमध्येही मोठी माहिती प्रत्यक्ष रांगेत उभी करत नाहीत. तिची एक छोटी खूण रांगेत ठेवतात आणि नंबर आला की खुणेवरून मूळ माहितीपर्यंत जातात. पुस्तकात याला ‘पॉइंटर’ किंवा ‘रेफरन्स’ म्हणतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना जड जाणारा हा शब्द आपल्या पाड्यावरची मुलगी रोज वापरते, फक्त तिला त्याचं नाव माहीत नाही.

रांगेची चार कामं

क्यू बनवायची तर प्रोग्रामला एवढंच शिकवावं लागतं :

• नवीन हंडा शेवटी लावणे. याला ‘एनक्यू’ म्हणतात. मधे घुसवायला परवानगी नाही.
• पहिला हंडा भरून काढणे. याला ‘डीक्यू’ म्हणतात.
• पहिला कोणाचा आहे हे नुसतं बघणे, काढायचा नाही.
• रांग रिकामी आहे का, भरली आहे का, हे तपासणे.

रांगेच्या पुढच्या टोकाला ‘फ्रंट’ आणि मागच्या टोकाला ‘रिअर’ म्हणतात. मुलांना ‘डोकं’ आणि ‘शेपूट’ सांगितलं तर लगेच लक्षात राहतं. डोक्याकडून जायचं, शेपटीकडे यायचं.

चौथं काम छोटं वाटतं, पण महत्त्वाचं आहे. रांगेत हंडाच नाही आणि नळी सोडली तर पाणी मातीत. जागाच नाही आणि हंडा ठेवला तर भांडण. पहिल्या चुकीला ‘अंडरफ्लो’ आणि दुसरीला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. म्हणून चांगला प्रोग्राम काढण्याआधी आणि ठेवण्याआधी विचारतो.

हंडे सरकवायचे की नळी?

इथे खरा प्रोग्रामर घडतो. समजा रांगेत ४० हंडे आहेत. पहिला भरला आणि निघाला. आता दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग : नळी जागेवर ठेवायची आणि मागचे सगळे हंडे एकेक घर पुढे सरकवायचे. पहिल्यानंतर ३९ हंडे सरकवले, दुसऱ्यानंतर ३८, मग ३७, असं एकापर्यंत. चौथीच्या मुलांना बेरीज करायला लावा. उत्तर येतं ७८०. चाळीस हंडे भरायला सातशे ऐंशी वेळा सरकवासरकव!

दुसरा मार्ग : हंडे जागेवर राहू द्यायचे आणि नळी पुढच्या हंड्यावर न्यायची. किती वेळा? फक्त ३९.

पाणी तेवढंच, हंडे तेवढेच, क्रम तोच. फरक कामाच्या पद्धतीत. रांग ४० ऐवजी ४०० ची झाली तर पहिल्या मार्गाने ७९,८०० सरकवण्या आणि दुसऱ्या मार्गाने ३९९. रांग दहापट झाली की पहिल्या मार्गाचं काम सुमारे शंभरपट होतं, दुसऱ्याचं फक्त दहापट. प्रोग्राम ‘हळू’ किंवा ‘जलद’ का असतो, हे यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. पायथॉन भाषेत साध्या यादीतून पहिली वस्तू काढली तर यंत्र आतल्या आत मागच्या सगळ्या वस्तू सरकवत बसतं. म्हणून त्या भाषेत रांगेसाठी ‘डेक’ नावाची वेगळी रचना तयार मिळते.

गोल रांग आणि भागाकारातली बाकी

दुसऱ्या मार्गात एक अडचण येते. नळी पुढे पुढे जाते आणि मागे रिकाम्या जागा पडत जातात. नवीन हंडे शेपटीला लागत राहिले तर रांग मैदानाबाहेर जाईल. मग काय करायचं? रिकाम्या झालेल्या जागा पुन्हा वापरायच्या. म्हणजे हंडे सरळ रेषेत न लावता टँकरभोवती गोल लावायचे. याला ‘सर्क्युलर क्यू’ म्हणतात.

समजा गोलात पाच जागा आहेत. त्यांना ०, १, २, ३, ४ असे नंबर द्या. पुढची जागा कशी काढायची? आत्ताच्या नंबरात १ मिळवा, ५ ने भागा आणि बाकी घ्या. २ नंतर? २ अधिक १ म्हणजे ३, पाचाने भागून बाकी ३. आणि ४ नंतर? ४ अधिक १ म्हणजे ५, पाचाने भागून बाकी ०. आपण परत पहिल्या जागेवर!

“सर, बाकीचा उपयोग काय?” हा प्रश्न भागाकार शिकवताना हमखास येतो. त्याचं उत्तर हे. घड्याळ, वार, गोल रांग, जे जे फिरून पहिल्या जागी येतं तिथे बाकी कामाला येते. फक्त किती जागा भरल्या आहेत हा आकडा वेगळा लिहून ठेवायचा, कारण गोलात डोकं आणि शेपूट एकाच जागी आलं तर रांग पूर्ण भरलेली आहे की पूर्ण रिकामी, हे नुसतं बघून कळत नाही.

रांग वाढते का?

एक हंडा भरायला २ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ३० हंडे. आणि दर दीड मिनिटाला एक नवीन हंडा येतो, म्हणजे तासाला ४०. एका तासाने १० हंडे उरतील, दोन तासांनी २०. तेव्हा येणाऱ्याला चाळीसेक मिनिटं थांबावं लागेल. येण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर रांग वाढतच जाणार, कितीही शिस्त लावा. शिस्तीने भांडण थांबतं, पाणी वाढत नाही. मुलांना हा फरक कळला पाहिजे.

या विषयाचं स्वतंत्र गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एर्लांग यांनी फोनच्या कॉलसंबंधी १९०९ साली लेख लिहिला, तिथून या गणिताची सुरुवात मानतात. निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही किंवा शेवटच्या तारखेला ऑनलाइन माहिती भरताना चक्र फिरत राहतं, तेव्हा पलीकडे हेच चाललेलं असतं. हंडे जास्त, नळी एक.

तुमच्या खिशातली रांग

मोबाइलला रेंज नसताना व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवून बघा. मेसेजजवळ घड्याळाचं चिन्ह दिसतं. मेसेज हरवत नाही, फोनमध्ये वाट बघत थांबतो. माळशेजच्या बाजूच्या गावांत रेंजसाठी टेकडीवर जाणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. टेकडीवर गेलं की घड्याळं जाऊन टिक येतात. प्रिंटरला पाच कागद पाठवले तर तेही असेच नंबर लावून निघतात.

आणि एक उदाहरण खास द्विशिक्षकी शाळेतल्या मित्रांसाठी. एका वर्गखोलीत चार इयत्ता, शिक्षक एक. समजा पहिलीला २० मिनिटं हवीत, दुसरीला १०, तिसरीला ३०, चौथीला २०. आपण दहा-दहा मिनिटांची पाळी लावतो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. दुसरीचं काम संपलं, ती रांगेतून बाहेर. बाकीच्या पुन्हा शेपटीला. मग पहिली, तिसरी, चौथी आणि शेवटी पुन्हा तिसरी. एकूण आठ पाळ्या. कॉम्प्युटरचा प्रोसेसर अगदी असंच काम करतो. एकाच वेळी गाणं, टायपिंग आणि इंटरनेट चालू आहे असं आपल्याला वाटतं, पण तो सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत प्रत्येकाला पाळी देत फिरत असतो. या पद्धतीला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात.

रांग मोडणं केव्हा योग्य?

लावणीच्या दिवसांत दवाखान्यात ओपीडीची रांग लागली आहे आणि शेतातून साप चावलेल्या माणसाला आणलं. त्याला कोणी “नंबर लावा” म्हणणार नाही. इथे आधी कोण आलं यापेक्षा गरज किती तातडीची हे बघतात. या रचनेला ‘प्रायॉरिटी क्यू’ म्हणजे प्राधान्याची रांग म्हणतात. ती आवश्यकच आहे.

पण तिच्यात एक धोका आहे. सतत कोणी ना कोणी तातडीचा येत राहिला तर साध्या तापाचा माणूस संध्याकाळपर्यंत बाकावरच. प्रोग्रामिंगमध्ये या अवस्थेला ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात. शब्दशः उपासमार. त्यावरचा उपाय म्हणजे जो जितका जास्त थांबला तितकं त्याचं प्राधान्य हळूहळू वाढवत न्यायचं. म्हणजे कधी ना कधी त्याचा नंबर लागतोच.

आता आपल्या वर्गाकडे बघा. आपण प्रश्न विचारतो. चार-पाच हात झटकन वर येतात. त्यातल्याच एकाला आपण विचारतो. नकळत आपण प्राधान्याची रांग चालवतो आणि प्राधान्य असतं मोठ्या आवाजाला. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत आलेलं मूल हात वर करत नाही. त्याचा नंबर दर वेळी मागे जातो. शाळेत येतं, बसतं, पण पाळी येत नाही. ही वर्गातली उपासमार आहे आणि ती हजेरीपटावर दिसत नाही.

उपाय रांगेतच आहे. नावांच्या चिठ्ठ्यांची एक रांग करा. डोक्याकडची चिठ्ठी घ्या, त्या मुलाला विचारा, चिठ्ठी शेपटीला लावा. जे मूल बरेच दिवस नव्हतं त्याची चिठ्ठी पहिले काही दिवस थोडी पुढे ठेवा. पट तीसचा असेल तर तीस प्रश्नांत प्रत्येकाची पाळी आलेली असेल.

वर्गात असं घ्या (एक तासिका)

१) मैदानात खडूने पाच घरांचा गोल आखा, ० ते ४ नंबर घाला. दोन खडे घ्या, एक ‘डोकं’, एक ‘शेपूट’.
२) एका मुलाला ‘प्रोग्राम’ करा. तो फक्त सूचना देईल, हात लावणार नाही. “लाव”, “काढ”, “बघ”, “रिकामी आहे का?” एवढ्याच सूचना.
३) बाकीच्यांनी आपल्या नावाची चिठ्ठी किंवा चिंचोका घरात ठेवायचा. “लाव” किंवा “काढ” या सूचनेनंतर योग्य खडा एक घर पुढे.
४) सहावा मुलगा आला की थांबा. विचारा, “आता काय करायचं?” उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.
५) मुद्दाम एकाला मधे घुसवा. मुलं ओरडतील. विचारा, “का नको?” फळ्यावर त्यांचीच कारणं लिहा. तोच आजचा धडा.
६) शाळेत टॅब असेल तर ‘स्क्रॅच’मध्ये यादी बनवा. नाव यादीच्या शेवटी जोडायचं, पहिलं नाव काढायचं. तेवढ्यात क्यू तयार होते.

पालकांनी घरी एवढंच करावं. रेशनच्या दुकानात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात मुलाबरोबर उभे असाल तेव्हा विचारा, “ही रांग नीट चालली आहे का? कुठे अडतेय? तू असतास तर कशी लावली असतीस?” हे प्रश्न म्हणजेच प्रोग्रामिंगची सुरुवात. भाषा, कीबोर्ड, स्क्रीन हे नंतर येतं आणि येईलच.

चिठ्ठ्यांची रांग मात्र उद्याच सुरू करता येईल. तुमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात कोणाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, ते नक्की कळवा.